स्पर्धेचे पिस्तूल आणि गावचा कारागीर : धंदा कोठपर्यंत, धोका कोठून?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव आणि रानातला धावडा हा वृक्ष, दोघांचे नाव एकच. या झाडाचा डिंक हिवाळ्यात लाडवांत पडतो, हे घरोघरी ठाऊक असते. परंतु त्याच्या लाकडाची खरी पारख सुतार-लोहारांना असते. कुऱ्हाडीचा दांडा, अवजाराची मूठ, बैलगाडीचा आस अशा मार खाणाऱ्या कामांसाठी हे लाकूड पूर्वापार वापरले जात आहे. दांडा हाताला नीट बसला नाही तर दिवसभरात तळहाताला फोड येतात आणि घाव चुकतो, हे ज्ञान खेड्यातल्या कारागिराला कोणत्याही शाळेत जावे न लागता मिळालेले असते.

हेच ज्ञान आज एका अगदी निराळ्या क्षेत्रात पैसे देऊन विकत घेतले जाते. ते क्षेत्र म्हणजे नेमबाजीचा खेळ. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ खेळाडूच्या हाताप्रमाणे कोरून देणे, चापाची पाती, वजने, माशी असे सुटे भाग जुळवून देणे हा युरोपात एक स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडील हुनरमंद तरुणांना त्यात कितपत वाव आहे आणि कोठे हात आखडता घ्यावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. प्रारंभीच सांगून टाकतो की या धंद्यात एक रेषा आहे. रेषेच्या अलीकडे इज्जतीची रोजी आहे आणि पलीकडे तुरुंग आहे.

खेळ आता परका राहिला नाही

नेमबाजी हा राजेरजवाड्यांचा शौक, असा आपला जुना समज आहे. तो आता खरा राहिलेला नाही. २०१० साली दिल्लीत झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकाराचे वैयक्तिक सुवर्णपदक महाराष्ट्राच्या अनिसा सय्यद यांनी जिंकले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्यासह त्यांनी जोडीचे सुवर्णही मिळवले. २०१४ साली ग्लासगो येथे राही पहिल्या आणि अनिसा दुसऱ्या आल्या. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी सुवर्णपदक पटकावले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांनी पिस्तुलाच्या प्रकारांत दोन कांस्यपदके मिळवली आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी रायफलमध्ये कांस्य आणले.

मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला नेमबाजीची मैदाने आहेत. दहा मीटरचे अंतर तर एखाद्या लांबट खोलीतही बसते. त्यामुळे हवेच्या पिस्तुलाचा सराव करणारी मुले-मुली आता लहान शहरांतही दिसतात. मात्र त्यांच्या हातातील पिस्तुले बहुधा परदेशी असतात. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही त्यांतली नामांकित नावे. किंमत लाखाच्या घरात. एवढे महाग पिस्तूल घेऊनही ते खेळाडूच्या हातात जसेच्या तसे बसत नाही. कारखाना मूठ बनवतो ती लहान, मध्यम, मोठी अशा ठोकळ मापांत. माणसाचा हात मात्र चपलेसारखा नंबरात मोजता येत नाही.

एक मिलिमीटरची किंमत

मुठीला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचा हिशेब सोपा आहे. दहा मीटरच्या पिस्तूल प्रकारात लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकते. आता पिस्तुलाच्या पुढच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांत समजा ३५ सेंटिमीटर अंतर आहे. मनगट किंचित वळले आणि माशी खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे २८ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहा गुणांच्या जागी सात गुण! अर्धा मिलिमीटर सरकली तरी दहाचे नऊ होतात.

पात्रता फेरीत असे ६० नेम ७५ मिनिटांत साधावयाचे असतात. दर वेळी हात खाली आणावयाचा आणि पुन्हा उचलावयाचा. मूठ हातात दर वेळी तसूभरही फरक न होता बसली पाहिजे. हात उचलताच माशी खाचेत आपोआप येऊन उभी राहिली, तर मूठ बरोबर आहे असे समजावे. खेळाडूला प्रत्येक वेळी मनगट मुरडून माशी जागेवर आणावी लागत असेल, तर तिसाव्या-चाळिसाव्या नेमाला मनगट थकते आणि गुण गळू लागतात. दोष खेळाडूच्या माथी मारला जातो, पण तो लाकडाचा असतो.

मूठ बसवण्याची रीत

जर्मनीतील रिंक ही संस्था अशा हाताच्या घडणीप्रमाणे बनवलेल्या मुठींसाठीच जगभर ओळखली जाते. काम करण्याची पद्धत मात्र आपल्या सुताराला अनोळखी वाटू नये अशीच आहे.

प्रथम खेळाडूचा हात कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी. बोटांची लांबी, तळव्याची रुंदी, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील बेचक्याची खोली मोजावी. मग तयार मूठ हातात देऊन ती कोठे टोचते आणि कोठे पोकळ राहते ते पाहावे. टोचणारी जागा शोधण्यासाठी मुठीला खडू फासून खेळाडूला ती नेहमीसारखी धरावयास सांगावे. जेथील खडू पुसला जातो, तेथे दाब जास्त आहे. तेवढीच जागा कानशीने हलकेच घासावी. पुन्हा खडू, पुन्हा हात, पुन्हा कानस. एका बैठकीत फार लाकूड काढू नये. काढलेले लाकूड परत येत नाही. जेथे पोकळी आहे तेथे एम-सीलसारखा भराव लावून, तो ओला असतानाच खेळाडूच्या हाताचा ठसा घ्यावा आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने साफ करावा. भराव लावण्यापूर्वी हातात पातळ प्लास्टिक गुंडाळण्यास विसरू नये.

तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. चाप ओढणारे बोट लाकडाला घासता कामा नये. ते मोकळे असेल तरच चाप सरळ मागे येतो, नाहीतर पिस्तूल बाजूला ढकलले जाते. दुसरे म्हणजे तळहाताखालची आधारपट्टी. ती वरखाली सरकवता येते. फार घट्ट केली तर रक्ताचा प्रवाह अडून हात थरथरतो, आणि सैल राहिली तर पिस्तूल हातात डुगडुगते. तिसरे म्हणजे पकडीचा पृष्ठभाग. आपल्या हवेत घाम फार येतो. गुळगुळीत रोगण लावलेली मूठ हातातून निसटू पाहते. म्हणून पृष्ठभागावर बारीक टोचे मारून तो खरबरीत ठेवतात आणि लाकडात मुरणाऱ्या तेलाचा हात देतात.

लाकूड कोणते घ्यावे?

येथे धावड्याच्या लाकडाचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण ते या कामाचे नव्हे. धावडा चिवट खरा, परंतु जडही तितकाच. त्याचे वजन घनमीटरला सुमारे ९०० किलो भरते, तर अक्रोडाचे ६५० किलोच्या आसपास. समजा, मुठीला पाव लिटर आकारमानाचे लाकूड लागले, तर या फरकाने पिस्तुलाचे वजन साठ-पासष्ट ग्रॅमनी वाढेल. हे वजन मागच्या बाजूला वाढत असल्याने सगळा तोल बदलतो. शिवाय धावडा वाळताना तडकतो आणि वाकतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला हे चालून जाते, पण अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या मुठीला चालत नाही. म्हणूनच या धंद्यात जगभर अक्रोडाचे लाकूड पसंत केले जाते. ते कोरायला नरम, वाळल्यावर स्थिर आणि चिरफळ्या न उडणारे असते. आपल्या देशात ते काश्मीरमध्ये होते. शिकाऊ कारागिराने हात बसेपर्यंत चांगले वाळलेले कोणतेही मध्यम वजनाचे लाकूड वापरावे. अस्सल माल हात बसल्यावरच घ्यावा, आणि तोही पावतीचा.

स्पर्धेचे नियम तोंडपाठ असावेत

मूठ कितीही सुंदर झाली तरी ती नियमाबाहेर असेल तर खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वीच अडवला जातो. जागतिक संघटनेचे, म्हणजे आयएसएसएफचे नियम काटेकोर आहेत. दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. संपूर्ण पिस्तूल ४२ सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर रुंद अशा पेटीत बसले पाहिजे. मूठ करणाऱ्याने यातील पाच सेंटिमीटरचा आकडा दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा, कारण मुठीची रुंदी बहुधा तेथेच अडते. २५ मीटरच्या पिस्तुलाची पेटी ३० बाय १५ बाय ५ सेंटिमीटर आणि वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम आहे.

मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये. मनगट मोकळे हलताना दिसले पाहिजे. तळहाताखालची आधारपट्टी मुठीशी काटकोनापेक्षा कमी कोन करू शकत नाही, आणि तिला वरच्या बाजूस वळण देऊन हात कवेत घेण्यास मनाई आहे. अंगठ्याच्या टेकूलाही हाच नियम लागू आहे. दुर्बीण, लेसर वगैरे चालत नाही. साधी माशी आणि साधी खाच एवढेच.

चापाचा नियम तर सर्वांत कडक. हवेच्या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटरच्या पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. नळी उभी धरून चापाला तेवढे वजन अडकवतात आणि उचलतात. चाप सुटला तर तो हलका ठरतो. नेमबाजी झाल्यानंतरही अचानक तपासणी होते आणि तीत नापास झालेला खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. एखाद्याने गुण वाढतील म्हणून चाप ४९० ग्रॅमवर आणून दिला, तर तो खेळाडूचे वर्षभराचे कष्ट दहा ग्रॅमपायी बुडवील. चापाची पाती पुढे-मागे सरकवणे, तिचा कोन बदलणे, पहिला आणि दुसरा टप्पा जुळवणे ही कामे कंपनीने दिलेल्या स्क्रूंनीच, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावीत. आतील पोलादी भाग घासून चाप हलका करणे हे काम कोणीही अंगावर घेऊ नये.

टोकियोचा धडा

पिस्तुलाच्या आतील यंत्रणा किती नाजूक असते, हे टोकियो ऑलिम्पिकमध्ये साऱ्या देशाने पाहिले. जुलै २०२१ मध्ये दहा मीटर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली. उरलेल्या वेळात घाईने नेम साधावे लागले. त्यांचे ५७५ गुण झाले, त्या बाराव्या आल्या आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

यातून कारागिराने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. पहिला असा की आतील यंत्रणा हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचे काम आहे, कानस चालवणाऱ्याचे नव्हे. दुसरा असा की खेळाडूजवळ राखीव पिस्तूल असले तरी त्याची मूठ पहिल्यासारखी जुळलेली नसेल, तर ऐन वेळी त्याचा उपयोग मर्यादितच होतो. एकाच हातासाठी दोन तंतोतंत सारख्या मुठी बनवून देणे हे मात्र कुशल सुताराचे काम आहे आणि त्याला मागणी राहील.

हवेच्या टाकीबद्दल तर एकच वाक्य पुरेसे आहे : तिला हात लावू नये. आधुनिक पिस्तुलांत २०० बारपर्यंत दाबाची हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकातील हवेच्या शेकडा पटीजवळ जाणारा हा दाब आहे. टाकीवर छापलेली मुदत संपली की ती बदलावयाची असते. वेल्डिंग करणे, आटे पाडणे, वायसर घरी कातणे हे जिवाशी खेळणे होय.

कायद्याची रेषा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्र या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे. स्फोटक किंवा अन्य कोणत्याही शक्तीने गोळी फेकणारे हत्यार त्यात येते आणि त्याचे सुटे भागही येतात. याच कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणे, विकणे, त्याचे रूपांतर करणे, दुरुस्त करणे किंवा तपासून पाहणे हा गुन्हा आहे. लक्षात घ्या, केवळ बनवणे नव्हे, तर दुरुस्त करणेसुद्धा! २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मिती आणि दुरुस्तीसाठी पंचविसाव्या कलमाखाली किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवण्यात आली आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटरपर्यंत नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या हत्यारांना बाळगण्याच्या परवान्यातून सूट आहे. स्पर्धेच्या हवेच्या पिस्तुलाची ताकद सहा ज्यूलच्या आसपास असते, म्हणून ते या मर्यादेत बसते. पण २५ मीटरच्या स्पर्धेचे ०.२२ बोअरचे पिस्तूल हे काडतुसाचे असते. ते परवान्याचेच हत्यार. परवानाधारक खेळाडूने विश्वासाने दिले तरी असे पिस्तूल आपल्या दुकानात ठेवून घेऊ नये. मुठीचे काम असेल तर फक्त लाकडी मूठ सोडवून आणावयास सांगावे, किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्यामार्फत आणि त्याच्याच जागेत काम करावे.

आणखी एक इशारा आम्ही देऊ इच्छितो. लेथ आणि वेल्डिंगचा धंदा करणाऱ्या मुलांकडे कधी कधी कोणी एखादी नळी, स्प्रिंग किंवा खिळा घेऊन येतो. "एवढेच कातून द्या, आतून साफ करून द्या," असे म्हणतो आणि नेहमीच्या मजुरीच्या दुप्पट पैसे पुढे करतो. कामाचा नमुना कशाचा आहे हे तो सांगत नाही. अशा वेळी दुप्पट मजुरी हीच धोक्याची घंटा समजावी. "मला माहीत नव्हते" हे उत्तर पोलिस ठाण्यात आणि कोर्टात फार दूरवर चालत नाही, आणि एका माणसाच्या अटकेने सबंध घराची, कित्येकदा मोहल्ल्याची अब्रू पणाला लागते. गिऱ्हाईक परत गेले तर मजुरी बुडते, बाकी काही बुडत नाही.

धंदा करावयाचाच असेल तर

ज्या तरुणांना यात खरोखर रस आहे, त्यांनी पुढील क्रमाने जावे. आधी जवळच्या नेमबाजी संघटनेशी किंवा प्रशिक्षण केंद्राशी ओळख करून घ्यावी. चार खेळाडूंच्या मुठी प्रशिक्षकाच्या समोर, मैदानावरच जुळवून द्याव्यात. पिस्तूल घरी आणण्याची गरजच पडू देऊ नये. आपण कोणते काम करणार हे स्पष्ट लिहून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे अर्ज द्यावा, लेखी उत्तर घ्यावे आणि ते दुकानात जपून ठेवावे. परवाना लागेल असे उत्तर आले तर परवाना घ्यावा किंवा परवानाधारकाकडे कामाला राहावे. प्रत्येक कामाची वही ठेवावी : गिऱ्हाइकाचे नाव, ओळखपत्र, पिस्तुलाचा प्रकार व क्रमांक, केलेले काम, तारीख, सही.

मजुरी तासांवर ठरवावी. एक मूठ मनाजोगी जुळण्यास दोन-तीन बैठका लागतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. मूळ मुठीवर कधीही कानस चालवू नये. तिची नक्कल करून नकलेवर काम करावे, म्हणजे बिघडले तरी खेळाडूचे नुकसान होत नाही आणि आपली जबान राहते. हातांच्या रेषांचे कागद फाईलला लावून ठेवावेत. वर्षभराने खेळाडू परत येईल तेव्हा हीच फाईल भांडवल ठरेल. हा धंदा मोठ्या संख्येचा नाही, हेही लक्षात असावे. सुतारकामाच्या जोडीला चालणारा हा जोडधंदा आहे. त्यावर एकदम कर्ज काढून यंत्रे घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

शिकलगार हा शब्द आपल्या समाजात आजही आडनावासारखा वावरतो. त्याचे मूळ सैकल या अरबी शब्दात आहे आणि त्याचा अर्थ घासून चकाकी आणणे. हत्यारांना धार आणि झळाळी देणारे हे कारागीर राजांच्या पदरी होते. संस्थाने गेली, हत्यारे गेली आणि ती कला चाकू-कात्र्यांवर येऊन ठेपली. अशा हातांना आता खेळाचे एक नवे, स्वच्छ क्षेत्र खुले आहे. त्यात चाप आणि नळी दुसऱ्यांकडे राहू द्यावी, कारागिराने आपली सत्ता मुठीवर ठेवावी. जो मुठीपाशी थांबला त्याच्या हातची वस्तू उद्या एखाद्या पदकामागे असेल. थांबण्याचे ठिकाण ज्याला कळले नाही, त्याचे दुकान मात्र सील झालेले दिसेल.